शाल-श्रीफळ नको, जबाब घरी येऊन घ्या

पत्रकारितेची पदविका घेऊन गावात परत आलो, त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली. तेव्हा वाटलं होतं, घोटाळे बाहेर काढू, मंत्री घरी बसवू. प्रत्यक्षात या हातांनी सगळ्यात जास्त कुठली बातमी लिहिली असेल तर ती सत्काराची. ‘शाल, श्रीफळ व पुष्पगुच्छ देऊन सत्कार करण्यात आला. यावेळी अमुक, तमुक आदी उपस्थित होते.’ यातला ‘आदी’ हा शब्द सगळ्यात धोक्याचा. ज्याचं नाव ‘आदी’त गेलं, त्याचा सकाळी सात वाजता फोन येतो. तालुक्याच्या ठिकाणी पत्रकारिता केलेल्या कुणालाही विचारा.

सत्कार कुणाचे होतात? निवड झाली म्हणून, नियुक्ती झाली म्हणून, वाढदिवस आहे म्हणून. पद नसलेल्या, निवडून न येणाऱ्या, निव्वळ शेजारी म्हणून उपयोगी पडलेल्या माणसाचा सत्कार मी क्वचित पाहिला. त्याचं कारणही आहे. शेजाऱ्याचे आभार मानायची आपल्याकडे रीतच वेगळी. ‘थँक्यू’ म्हटलं तर समोरचा म्हणतो, ‘आता परकं करता का आम्हाला?’ आभार वाटीतून जातात. शेजारून भाजीची वाटी आली तर ती रिकामी परत करायची नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. आई अजून तसंच करते. कुणाची वाटी कुणाकडे राहिली आहे याचा हिशेब गल्लीतल्या सगळ्या बायकांना तोंडपाठ असतो, आणि तो कधीच मिटवायचा नसतो. मिटला तर संबंध मिटला.

पण काही उपकार वाटीत मावत नाहीत. हे लिहायला बसलो ते त्यासाठी.

आमच्या गल्लीत एक टेम्पोवाले आहेत. पन्नाशी ओलांडलेले. सगळे त्यांना भाऊच म्हणतात, मीही भाऊच म्हणतो. ते मला ‘पत्रकार’ म्हणतात, त्यात थोडी चेष्टा आणि थोडी माया. त्यांच्याकडे एक जुना छोटा हत्ती आहे. पहाटे शेतातून भाजीपाला उचलायचा, मोंढ्यात टाकायचा, दिवसभर मिळेल ते भाडं करायचं. नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच लिहू नको म्हणून सांगितलंय. ते का, ते पुढे येईलच.

गेल्या वर्षी श्रावणात, रात्री नऊच्या सुमाराला माझा धाकटा भाऊ मोटरसायकलवरून बायपासने येत होता. म्हैस आडवी आली. मांडीचं हाड मोडलं, रक्त फार गेलं, शुद्ध हरपली. आजूबाजूला माणसं जमली. जमतातच. कुणीतरी १०८ ला फोन लावला, पण गाडी यायला वेळ होता. दोघं-तिघं मोबाइलवर शूटिंग करत होते. हात कुणी लावत नव्हतं. लोक वाईट होते असं मी म्हणणार नाही. एकानं नंतर मला सरळ सांगितलं, ‘साहेब, भीती वाटते. उचललं आणि मेला तर आपल्यालाच बसवतात.’

भाऊ मोंढ्यातून रिकामा टेम्पो घेऊन परतत होते. थांबले. अंधारात चेहरा बघितला नव्हता, आपल्या गल्लीतला आहे हे त्यांना माहीत नव्हतं. गळ्यातला गमछा काढून मांडीला आवळून बांधला. मागच्या हौद्यात बारदान आणि ताडपत्री टाकली. बघ्यांतल्या चौघांना आवाज देऊन कामाला लावलं, ‘मान हलवू नका, आडवा उचला, एकदम उचला.’ दवाखान्याच्या उजेडात स्ट्रेचरवर ठेवताना त्यांनी ओळखलं, आणि मग मला फोन केला.

मी पोचेपर्यंत काउंटरवर त्यांना विचारून झालं होतं. नातेवाईक कोण? सही कोण करणार? ॲडव्हान्स कोण भरणार? भाऊंनी दिवसभराच्या भाड्याचे खिशातले चार हजार काढून दिले होते. सकाळी डॉक्टर मला म्हणाले, ‘अजून अर्धा तास उशीर झाला असता, तर मी काही सांगू शकलो नसतो.’ आज भाऊ, म्हणजे माझा धाकटा, काठीशिवाय चालतो.

इथपर्यंतची गोष्ट तुम्ही व्हॉट्सॲपवर वाचता तशीच आहे. ‘माणुसकी जिवंत आहे’ लिहून हात जोडायचे. पण गोष्ट इथं थांबली नाही.

रात्री अपघाताची नोंद घ्यायला पोलीस आले. टेम्पोच्या हौद्यात रक्त. ‘तूच ठोकलं असशील, नाहीतर एवढी धावपळ कशाला केली?’ हा पहिला प्रश्न. शंका घेणं पोलिसांचं कामच आहे, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. गाडीला धडकेची खूण आहे का हे बघायला मात्र कंदील धरला तरी अर्धा तास पुरतो. इथं दोन दिवस लागले. टेम्पो ठाण्याच्या आवारात, भाऊ ठाण्याच्या बाकावर. रात्री एकला सोडलं, सकाळी दहाला परत बोलावलं, दुपारी ‘साहेब बाहेर गेलेत, थांबा’, संध्याकाळी ‘उद्या या’. तिसऱ्या दिवशी धाकट्याला बोलता यायला लागलं. त्यानं म्हैस आडवी आल्याचं सांगितलं, तेव्हा गाडी सुटली.

या दोन दिवसांत भाऊंचं पहाटेचं बांधलेलं भाडं दुसऱ्या टेम्पोवाल्याकडे गेलं. व्यापाऱ्याचा माल थांबत नाही, त्यात त्याचीही चूक नाही. पण ते भाडं भाऊंना परत मिळालं नाही.

मी पैसे द्यायला गेलो. पाच हजार ठेवले. त्यांनी मोजले, आणि पाचशेच्या दोन नोटा परत माझ्या हातावर ठेवल्या. ‘माझे चार गेले होते, चार आले. बस.’ बुडालेल्या भाड्याचा विषय काढला तर उठून पाणी आणायला आत गेले. वहिनी मात्र दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘दादा, तुमचा भाऊ वाचला, लई चांगलं झालं. पण ह्यांना मी सांगितलंय, आता रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं तर गाडी थांबवायची नाही. लेकरांची शप्पथ घातलीय.’

हे वाक्य ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं, आपला हिशेब चार हजारांचा नाही. माझा भाऊ वाचवणारा माणूस पुढच्याला वाचवणार नव्हता. आणि त्याला तसं ठरवायला आपल्या व्यवस्थेनं दोन दिवसांत शिकवलं होतं. त्या बायपासवर पुढचा जो कुणी पडेल, तो तुमच्या घरातला असेल.

वाईट याचं वाटलं की हे होऊ नये म्हणून कायदा आहे. चांगला आहे, स्पष्ट आहे, आणि कुणालाच माहीत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळू नका, हे कामाचं आहे.

सुरुवात १९८९ च्या एका निकालाची. एका स्कूटरवाल्याला मोटारीनं उडवलं. त्याला जवळच्या रुग्णालयात नेलं, तर ‘पोलीस केस आहे, आमच्याकडे घेत नाही, दुसरीकडे न्या’ असं सांगितलं. दुसरं रुग्णालय वीस किलोमीटर लांब. तो वाटेतच गेला. या घटनेवरून परमानंद कटारा यांनी केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, आधी जीव वाचवा, कागदपत्रं नंतर. डॉक्टर सरकारी असो की खासगी, उपचार करणं हे त्याचं कर्तव्य.

पण दवाखान्यापर्यंत नेणाऱ्याचं काय? त्यासाठी सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. केंद्रानं २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयानं त्या देशभर बंधनकारक केल्या. मग २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १३४-अ आलं, आणि २०२० मध्ये त्याचे नियम. अपघातग्रस्ताला सद्भावनेनं, स्वतःहून, मोबदल्याच्या अपेक्षेशिवाय मदत करणाऱ्याला इंग्रजीत ‘गुड समॅरिटन’ म्हणतात. आपण मदतगार म्हणू. त्याचे हक्क असे:

मदत करताना काही कमी-जास्त झालं, जखमी दगावला, तरी मदतगारावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही.

नाव, पत्ता, फोन नंबर देण्याची सक्ती पोलीस किंवा अन्य कुणीही करू शकत नाही. स्वतःहून द्यायचा तर द्यावा.

साक्षीदार होण्याची सक्ती नाही. स्वतःच्या मर्जीनं साक्षीदार व्हायला तयार झाला, तर जबाब त्याच्या सोयीच्या वेळी, त्याच्या घरी किंवा कामाच्या ठिकाणी घ्यायचा. पोलिसांनी साध्या वेशात जायचं. आणि जबाब एकदाच पुरा करायचा, हेलपाटे घालायला लावायचे नाहीत.

दवाखान्यानं मदतगाराला अडवून ठेवायचं नाही. तो नातेवाईक नसेल तर दाखल करण्याचे पैसे त्याच्याकडे मागायचे नाहीत.

आणि प्रत्येक सरकारी व खासगी रुग्णालयानं हे सगळे हक्क इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, प्रवेशद्वारापाशी लावायचे.

आता तुम्हीच सांगा, तुमच्या गावातल्या कुठल्या दवाखान्याच्या दारात हा फलक पाहिलाय? आमच्याकडे मी फिरून पाहिलं. डॉक्टरांवर हल्ला केल्यास काय शिक्षा होते याचा फलक बहुतेक ठिकाणी आहे, आणि तो असायलाच हवा. चप्पल बाहेर काढा, आहे. थुंकू नका, आहे. मदत करणाऱ्याला घाबरण्याचं कारण नाही, हे कुठंच लिहिलेलं नाही.

२०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. महाराष्ट्रातली पंधरा हजारांवर. हा सरकारचाच आकडा आहे. जखमी झाल्यानंतरच्या पहिल्या तासाला कायद्यातसुद्धा ‘गोल्डन अवर’ म्हटलंय. त्या तासात नातेवाईक पोचत नाहीत. पोचतो तो रस्त्यावरचा अनोळखी माणूस. भाजीवाला, ट्रकवाला, शेतातून घरी चाललेला गडी. तो थांबतो की पुढे जातो, यावर बाकीचं सगळं.

बरं, सरकारनं अशा माणसाच्या कौतुकाची सोयसुद्धा केली आहे. गंभीर जखमीला गोल्डन अवरमध्ये रुग्णालयात पोचवून जीव वाचवणाऱ्याला ऑक्टोबर २०२१ पासून पाच हजार रुपये बक्षीस होतं. २०२५ मध्ये ते पंचवीस हजार झालं, ‘राह-वीर’ असं नाव दिलंय. मदतगार थेट दवाखान्यात गेला असेल तर दवाखान्यानं पोलिसांना कळवायचं, पोलिसांनी डॉक्टरांकडून खात्री करून त्याला पोचपावती द्यायची, आणि जिल्हास्तरीय समितीकडे ते पाठवायचं. समितीत जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, आरोग्य अधिकारी, आरटीओ असतात. म्हणजे ज्या ठाण्यानं पोचपावती द्यायची, त्याच ठाण्याच्या बाकावर भाऊ दोन दिवस बसले.

मी नियमांची प्रिंट काढली, मराठीत एक पानी सारांश केला आणि ठाण्यात गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे वाचलं. म्हणाले, ‘हे आम्हाला ट्रेनिंगला सांगितलं होतं, पण रात्री ड्युटीवर असतो त्याच्यापर्यंत हे पोचत नाही.’ प्रामाणिक उत्तर होतं. पंधरा दिवसांनी पोचपावती मिळाली. प्रस्ताव जिल्ह्याला गेलाय. अजून पुढे काही कळलेलं नाही, मी दर महिन्याला विचारतो.

गल्लीत ही बातमी फुटली आणि दोन गोष्टी झाल्या.

एक, एका मंडळानं सत्कार ठरवला. फ्लेक्सचं डिझाइनसुद्धा आलं. मध्यभागी नेत्यांचे तीन फोटो, खाली कार्यकर्त्यांचे अकरा, आणि कोपऱ्यात भाऊ. भाऊंनी हात जोडले. ‘मला शाल-श्रीफळ नको. पुढच्या वेळी जबाब घरी येऊन घ्या, एवढं करा.’ मंडळाचा अध्यक्ष हसला. त्याला वाटलं, भाऊ गंमत करतायत. भाऊ कायद्यात लिहिलंय तेवढंच मागत होते.

दोन, कुणीतरी कुजबुजलं, ‘पंचवीस हजारासाठी उचललं.’ आपल्याकडे हेही होतंच. भाऊंच्या कानावर गेलं आणि ते अर्ज मागे घ्यायला निघाले. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, ‘भाऊ, ही योजना आहे हे त्या रात्री तुम्हाला माहीत होतं का?’ ‘नाही.’ ‘मग अपेक्षा कुठून आली? बुडालेलं भाडं तुम्ही माझ्याकडून घेत नाही. सरकारकडून घ्या. सरकारच्या बाकावर बसून बुडालंय.’ ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘राहू दे अर्ज. पण नाव पेपरात नको.’ म्हणून इथंही नाही.

मदतीला किंमत लावली की मदतीतली माणुसकी जाते, असं काहीजण म्हणतात. मलाही हा प्रश्न पडतो. पैशाच्या आशेनं कुणी भाऊंसारखा गमछा सोडत नाही. पण ज्याचं पोट रोजच्या भाड्यावर आहे, त्याच्या माणुसकीला खर्च येतो. तो खर्च आपण त्याच्या एकट्याच्या माथी मारायचा आणि वरून त्याला निरपेक्ष म्हणायचं, हे मला पटत नाही. वाटी परत देताना त्यात साखर घालतो, तेव्हा आपण भाजीची किंमत चुकवत नसतो. तुमची भाजी आम्हाला पोचली, पुढेही येऊ द्या, एवढंच त्यातून सांगायचं असतं.

मग आम्ही घरच्यांनी काय केलं? मोठं काही नाही. धाकटा बरा झाल्यावर त्यानं एका ओळखीच्या अडत्याकडे शब्द टाकला. भाऊंना पहाटेचं एक कायमचं भाडं मिळालं. काम त्यांचं चोख आहे, शिफारस खोटी नव्हती. आईनं पंचमीला, दिवाळीला डबा पाठवला, तो भुईमुगाच्या शेंगांनी भरून परत आला. हिशेब सुरू आहे, म्हणजे सगळं ठीक आहे. आणि दोन खासगी दवाखान्यांच्या दारात आता मराठीत फलक लागलेत. त्यातला एक डॉक्टरांनी स्वतःच्या खर्चानं लावला. त्यांना फक्त नियम दाखवावा लागला.

वहिनींची शप्पथ सुटली का, ते मी विचारलेलं नाही. ते विचारण्याचा हक्क मला तेव्हाच, जेव्हा भाऊंना परत बाकावर बसावं लागणार नाही याची मी खात्री देऊ शकेन. आज देऊ शकत नाही. म्हणून तुम्हा सगळ्यांना सांगतोय.

तुम्हाला करता येण्यासारखं आहे ते असं. रस्त्यात अपघात दिसला तर आधी १०८ किंवा ११२ लावा, आणि फोन लावून झाल्यावर शूटिंग करू नका, हात द्या. जखमी तुमच्या घरचा असेल, तर ज्यानं आणलं त्याला काउंटरवरून आधी मोकळं करा, त्यानं भरलेले पैसे त्याच दिवशी परत द्या, आणि पोलिसांसमोर तुम्ही स्वतः उभे राहा. ठाण्यातून पोचपावती मागायची राहिली असेल तर ती त्याच्यासाठी तुम्ही मागा, तो मागणार नाही. तुमच्या गावात पोलीस पाटील असतील, सरपंच असतील, त्यांना कलम १३४-अ सांगा. सत्कारच करायचा असेल तर जरूर करा, पण त्या फ्लेक्सच्या खर्चात ग्रामीण रुग्णालयाच्या दारात पत्र्याचा एक फलक होतो. त्यावर कुणाचाही फोटो नको.

तालुक्यातल्या मित्रांनो, उद्या सकाळी दवाखान्यावरून जाणं झालं तर दारात फलक आहे का तेवढं बघा. नसेल तर आत जाऊन विचारा. मजकूर माझ्याकडे मराठीत तयार आहे, मागाल त्याला पाठवतो. आणि फलक लागला की बातमी मी करीन. त्यात उपस्थितांची नावं नसतील, ‘आदी’सुद्धा नसेल.